उजवीकडचं चित्र मऊ का? कसबा पेठेतल्या एका जुळ्या कॅमेऱ्याचं प्रकरण

कॅमेरा माझ्याकडे आला तो नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेला, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून. आणणारा मुलगा पंचविशीतला. पुण्याच्या कसबा पेठेतला त्यांचा वाडा पाडायचं ठरलं होतं, दिवाळीनंतर जागा बिल्डरच्या ताब्यात द्यायची होती आणि माळा रिकामा करताना ही पेटी सापडली, म्हणजे दोन भिंगांचा, एका वेळी दोन चित्रं घेणारा लाकडी कॅमेरा. सोबत दांड्याचा लाकडी स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवून खोली भासवणारं यंत्र, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली अकरा जोडचित्रं. त्यातलं एक बनारसच्या घाटाचं, अंडरवूड अँड अंडरवूड कंपनीचं.

"काका, आजी म्हणते, वाडा जायच्या आत ह्याच कॅमेऱ्याने वाड्याचे फोटो काढायचे. चालेल का हा?"

तो मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. मी लाकडी कॅमेरे दुरुस्त करतो ते हौसेनं, पोट दुसऱ्या धंद्यावर भरतं. "बघू" म्हणालो. पुढच्या पाच महिन्यांतले दोन आठवडे मी साफ चुकीच्या जागी दोष शोधत होतो, आणि मुख्यतः त्यासाठीच हे प्रकरण लिहून काढतो आहे.

पेटीत काय काय होतं

महोगनीची पेटी, चपड्याचं पॉलिश काळवंडलेलं, कोपऱ्यांचे डव्हटेल सांधे सव्वाशे वर्षांनंतरही नखाला लागत नाहीत इतके घट्ट. झाकण पाडलं की तोच कॅमेऱ्याचा तळ होतो. त्यावर पितळी दातेरी पट्टी, आणि बाजूचं बटण फिरवलं की पुढची चौकट भात्यासकट पुढे सरकते. मागे घासलेल्या काचेची चौकट बिजागरीवर. तीन डार्क स्लाइड, म्हणजे फोटोच्या काचेच्या प्लेटा अंधारात ठेवायच्या चपट्या पेट्या, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या, प्रत्येकीत पाठीला पाठ लावून दोन प्लेटा. आतलं माप पावणेसात बाय सव्वातीन इंच, म्हणजे इंग्रजी स्टिरिओ प्लेटचं ठरलेलं माप. बनवणाऱ्याची पट्टी गेलेली, तिच्या दोन स्क्रूंची भोकं तेवढी राहिलेली.

पुढे रोलर शटर, थॉर्नटन-पिकार्ड ह्या इंग्रजी कंपनीचं. थॉर्नटन आणि पिकार्ड हे दोघं एकत्र आले १८८८ मध्ये, तेव्हा शटर त्यानंतरचं. पण त्यावरून कॅमेऱ्याचं वय काढू नये. ही शटरं सुटी विकत मिळायची आणि कुठल्याही कॅमेऱ्यापुढे बसवता यायची. ह्या शटरात दोन भिंगांसाठी एकच रुंद पडदा असतो, एकाच स्प्रिंगवर. स्वस्तात पडावं म्हणून तसा केला आहे असं वाटतं, पण खरं कारण वेगळं आहे. डाव्या आणि उजव्या चित्रातला क्षण एकच असायला हवा. पडदे दोन असते आणि एक जरा मागे राहिला असता, तर हललेलं पान दोन चित्रांत दोन ठिकाणी आलं असतं.

भिंगं दोन, पितळी नळ्यांत, साधारण पाच इंच नाभीय अंतराची. दोघांच्या केंद्रांत सव्वातीन इंच, म्हणजे ८२-८३ मिलिमीटर. माणसाच्या दोन डोळ्यांत सरासरी ६३-६४ मिलिमीटर असतात, म्हणजे हा कॅमेरा आपल्यापेक्षा थोड्या रुंद चेहऱ्याचा. मुद्दाम तसा असतो. डोळ्यांइतकंच अंतर ठेवलं तर लांबच्या गोष्टी सपाट वाटतात.

तेव्हा वहीत शेवटी दोन गोष्टी लिहिल्या होत्या, त्या तशाच उतरवतो. "१. भात्याच्या आतली पडदी नाही. २. लेन्सची फळी नंतरची, सागवानी. काम स्वच्छ." दुसऱ्या ओळीपाशी मी थांबायला हवं होतं. काम खरोखरच स्वच्छ होतं, आणि स्वच्छ कामाचा मला संशय येत नाही, हा माझा जुना दोष आहे.

थोडी पूर्वपीठिका

दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिली की मेंदू त्यातून खोली तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्ये आरशांच्या यंत्रानं दाखवलं. तेव्हा फोटो नव्हते, रेखाचित्रं होती. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरचा भिंगांचा स्टिरिओस्कोप १८४९ चा. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो राणी व्हिक्टोरियाच्या पसंतीस उतरला आणि घरोघरी गेला. सुरुवातीला एकच कॅमेरा सरकवून दोन फोटो काढत. मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सरनं दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं ते १८५६ मध्ये. आजींकडचा दांड्याचा स्टिरिओस्कोप अमेरिकेतल्या ऑलिव्हर वेंडेल होम्सच्या नमुन्याचा. त्यानं त्याचं पेटंटच घेतलं नाही, म्हणून तो जगभर झाला आणि कसबा पेठेतही पोचला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली होती, त्यामुळे असा कॅमेरा पुण्यात सापडणं नवलाचं नाही. एवढ्या अवस्थेत सापडणं नवलाचं.

मे आणि जून

मेमध्ये घासलेल्या काचेवर दोन्ही चित्रं पाहिली. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची, पाण्याची टाकी, टाकीवरची अक्षरं. काळ्या कापडाखाली भिंगातून तपासलं, डावीकडे आणि उजवीकडे अक्षरं सारखीच रेखीव. मुलाला फोन करून सांगून टाकलं, भिंगं उत्तम आहेत.

मग बाकीचं. अंधाऱ्या खोलीत भात्यात दिवा सोडला तर घड्यांच्या कोपऱ्यांवर सात-आठ तारे चमकले. ते पातळ काळ्या कापडानं आतून बुजवले. शटरचा रबरी पडदा पापडासारखा झालेला, गुंडाळला की तुटणार. तो बदलायचा नाही असं ठरवलं. आम्ही वापरणार होतो फोटोचा कागद, त्याचा वेग, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, फिल्मच्या मानाने फारच कमी, साधारण आयएसओ ६. उघडीप, म्हणजे भिंग उघडं ठेवायचा वेळ, काही सेकंदांची लागणार, शटरचं कामच नाही. ते सोडवून, कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याच्या दोन टोप्या, आतून काळं मखमल, आणि दोन्ही एकाच लाकडी पट्टीवर. पट्टी उचलली की दोन्ही डोळे एकदम उघडतात.

मुलाची इच्छा होती की पेटीला मेलॅमाइन मारून चकाचक करावी. त्याला कापसाच्या बोळ्यावर थेंबभर स्पिरिट घेऊन तळाच्या कोपऱ्यात दाखवलं. बोळा तांबूस झाला. "हे चपड्याचं पॉलिश, स्पिरिटनं विरघळतं, तेव्हा कधीही परत नीट करता येतं. मेलॅमाइन एकदा बसलं की खरवडूनच काढायचं." विषय संपला. कोरडा ब्रश आणि थोडं मेण, एवढंच केलं.

पडदीचं काम जरा मन लावून करावं लागलं. जुळ्या कॅमेऱ्यात भात्याच्या मधोमध उभी पडदी नसेल तर डाव्या भिंगाचं चित्र उजव्या अर्ध्यावर सांडतं, आणि मधे भुतासारखा दुहेरी पट्टा येतो. पण भाता लांब-आखूड होतो, तेव्हा पडदीही व्हायला हवी. जुन्या कारागिरांनी ह्याची उत्तरं वेगवेगळी काढली आहेत. कुठे रबरी कापड ताणतात, कुठे स्प्रिंगवर गुंडाळणारं, कुठे छोट्या घड्यांचं. ह्या कॅमेऱ्यात काय होतं ते मागच्या चौकटीनं सांगितलं. वर-खाली समोरासमोर दोन बारीक पितळी आकडे होते आणि त्यांच्यात अडकेल अशा उभ्या कामटीचा ठसा लाकडावर उमटलेला होता. म्हणजे दोन टोकांना दोन कामट्या आणि मधे घड्यांचं कापड. बाइंडिंगचं काळं कापड आणून बारा घड्यांची पडदी केली. आधीच्या दुरुस्ती करणाऱ्यानं ती काढून टाकली असावी. कळकट चिंधी दिसली असणार, फेकली.

जूनच्या शेवटी भिंगं सोडवली. प्रत्येक नळीत पुढे एक आणि मागे एक अशी चिकटवलेली जोडकाच, मधे छिद्राची पट्टी सरकवायची फट. बुरशीचे बारीक धागे पुसले, परत बसवली. छिद्राच्या पट्ट्या हरवल्या होत्या. हवं होतं एफ २२, म्हणजे नाभीय अंतराचा बाविसावा भाग: पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर, भागिले २२, पावणेसहा मिलिमीटरचं छिद्र. पितळी पत्र्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवून ५.८ च्या ड्रिलनं एकदमच भोक पाडलं. दोन छिद्रं वेगवेगळी पाडून सारखी करत बसण्यापेक्षा हे बरं.

जुलै

जुलैच्या मध्यावर पहिल्या चाचणीसाठी कॅमेरा खिडकीत ठेवला, बाहेर पुण्याची ती न थांबणारी झिमझिम. छिद्राची पट्टी न घालता काचेवर पाहिलं. डावीकडे टाकीवरची अक्षरं रेखीव. उजवीकडे मऊ. बटण फिरवून उजवीकडे नेमकं केलं तर डावीकडे मऊ.

मेमध्ये दोन्ही सारखी होती. मधल्या काळात भिंगं कोणी उघडली? मी. तेव्हा दोष माझाच, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नळीतली एखादी काच पुरती बसली नसेल तर दोन काचांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर नाभीय अंतरही. दोन आठवडे मी तीच दोन भिंगं सोडवत होतो, आटे पुसत होतो, परत बसवत होतो. मुलाचा फोन आला की "चालू आहे" म्हणत होतो.

एका मित्राचा सल्ला असा की छिद्र बारीक करा, एफ २२ ला सगळंच रेखीव दिसेल. दिसलं असतं, ते खरं. पण जोडचित्रात रेखीवपणा पुरत नाही. काचेवर मोजलं तेव्हा उजवं चित्र डाव्यापेक्षा सुमारे एक टक्का मोठं होतं. मधोमध दोन्ही जुळवली तर वरच्या आणि खालच्या कडेला सुमारे चार दशांश मिलिमीटरचा फरक उरतो. वर-खालचा साधा फरक असता तर चिकटवताना एक फोटो सरकवून भागलं असतं. मोठं-लहान असेल तर कात्री काही करू शकत नाही. एक डोळा वर ओढला जातो, एक खाली, आणि बघणारा दोन मिनिटांत स्टिरिओस्कोप खाली ठेवतो.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. दोन्ही नळ्यांचे आटे सारखे होते. डावं भिंग उजव्या भोकात बसवलं, उजवं डाव्यात. दोष भिंगात असेल तर तो भिंगाबरोबर डावीकडे जायला हवा.

गेला नाही. मऊपणा उजवीकडेच राहिला.

म्हणजे काच निर्दोष. उरली पुढची फळी किंवा मागची चौकट. मागच्या चौकटीवर पोलादी पट्टी आडवी ठेवली, ती सपाट बसली. पुढच्या फळीवर ठेवली तर पट्टी झोपाळ्यासारखी डोलायला लागली. उजव्या बाजूला फळी फुगून पुढे आली होती, एक मिलिमीटरहून जरा जास्त. वहीतली ती ओळ, "काम स्वच्छ".

फळीची गोष्ट

फळी सोडवून भवानी पेठेतल्या एका सुताराकडे नेली. लाकूड बाजाराच्या त्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, खिडक्यांच्या चौकटी करतात. त्यांनी ती उजेडात धरली, अंगठा फिरवला आणि दहा सेकंदांत म्हणाले, "साहेब, रेषे उभे घेतलेत की. अशी फळी दाराला लावली तर पावसाळ्यात दार अडकणारच."

एवढंच होतं. लाकूड रेष्यांच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेला जवळजवळ हलत नाही. रेष्यांना आडव्या दिशेला हलतं. ओला सागवान पूर्ण सुकेपर्यंत आडवा पाचेक टक्के आकसतो, आणि सुकल्यावरही दर पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन थोडा फुगतो, उन्हाळ्यात परत आक्रसतो. लेन्सची फळी साडेसहा इंच लांब आणि साडेतीन इंच उंच. जुन्या कारागिरानं रेषे लांबीच्या दिशेनं ठेवले असते, म्हणजे दोन भिंगांमधलं अंतर रेष्यांच्या दिशेत येतं आणि बाराही महिने तेच राहतं. ज्यानं ही फळी केली, त्याच्या हाताशी बहुतेक आखूड रुंद तुकडा होता. तो त्यानं उभा कापला, रंधा सुरेख मारला, भोकं काटेकोर पाडली, आणि डावीकडून तीन स्क्रूंनी पक्का केला. उजवी कड खोबणीत, इंचभरही मोकळीक न ठेवता. इंचभर म्हणजे बोलायची पद्धत, दीड मिलिमीटर पुरला असता. पावसात फळी फुगली, डावीकडे जागा नाही, उजवीकडे खोबण, मग ती जिथे जाता आलं तिथे गेली. पुढे.

मेमध्ये ती कोरडी होती आणि सपाट होती. मी पाहिलं ते खोटं नव्हतं, फक्त मे महिन्यापुरतं खरं होतं.

खात्री करून घ्यायला व्हर्नियरनं फळीची लांबी, म्हणजे रेष्यांना आडवं माप, मोजली, १६५.६ मिलिमीटर. मग फळी कपाटात चाळीस वॉटच्या बल्बजवळ दहा दिवस ठेवली. १६४.३. खोबणीत बसवून परत पट्टी ठेवली, डोलली नाही. आणि उजवं चित्र रेखीव.

आता प्रश्न होता की हीच फळी कडेनं घासून मोकळी करायची का नवी करायची. घासली असती तर फुगवटा गेला असता, पण भिंगांमधलं अंतर ऋतूप्रमाणे बदलत राहिलंच असतं, आणि कोरड्या दिवसांत कडेनं उजेड शिरला असता. नवी करायची ठरलं. नवं लाकूड नको होतं. दोन रविवार जुन्या बाजारात घातले, तिसऱ्या फेरीत, बुधवारी, महोगनीच्या ड्रॉवरची पुढची पाटी मिळाली, कपाट कधीच मोडलेलं. विकणाऱ्याला ती सागवानी वाटत होती आणि मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

त्याच सुतारांनी ती सहा मिलिमीटरपर्यंत उतरवली. रेषे आडवे. दोन्ही टोकांना उभ्या अरुंद पट्ट्या, कुसू काढून बसवलेल्या, म्हणजे फळी पन्हळीसारखी वळणार नाही. ह्या पट्ट्यांना सरस फक्त मधल्या इंचभर भागात लावला. पूर्ण लावला तर फळीला उंचीत हलायला वाव मिळत नाही आणि ती तडकते. सुतार फेव्हिकॉलची बाटली घेऊन तयारच होते. सरस कशाला, असं त्यांनी दोनदा विचारलं. सरस गरम पाण्यानं सुटतो, पुढे कोणाला काही दुरुस्त करायचं झालं तर सुटला पाहिजे. त्यांना ते पटलं नाही, पण केलं. वर आणि खाली खोबणीत अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळा ठेवला, तिथून उजेड येऊ नये म्हणून काळ्या मखमलीची दोरी. जुने तीन स्क्रू गेले, त्यांच्या जागी वर-खाली फिरत्या पितळी कळा. एक कळ मिळेना म्हणून तांबट आळीत गेलो, तिथल्या एका आजोबांनी माझ्याकडे पाहून "हंडा पाहिजे तर सांगा" एवढंच ऐकवलं. शेवटी लेथवाल्याकडून करून घेतली.

ऑगस्टच्या अखेरीला, धो-धो पावसात, काचेवर दोन्हीकडची टाकीची अक्षरं सारखी आली.

वाडा

ऑक्टोबरमध्ये तीन सकाळी गेलो. आठ बाय दहा इंची कागदाच्या एका पानातून आमच्या मापाचे बरोबर तीन तुकडे निघतात, हे गणित जमलं याचा मला अजून आनंद आहे. लाल दिव्यात कापायचे, डार्क स्लाइडमध्ये मागे काचेचा तुकडा आणि पुढे कागद, म्हणजे कागदाचा पृष्ठभाग जिथे पूर्वी प्लेटचा यायचा तिथेच येतो.

चौकात चार सेकंद, ओसरीवर चाळीस. सगळ्यात जवळची वस्तू भिंगांमधल्या अंतराच्या तीसपट लांब ठेवायची, असा एक ठोकताळा आहे, म्हणजे इथे आठ फूट. तुळशीवृंदावन आठ फुटांवर घेतलं, त्यामागे खांब, त्यामागे ओसरी, त्यामागे माजघराचं दार. ह्या खेळाला वाड्याइतकी सोयीची इमारत नाही, एकामागे एक चौकटीच चौकटी. आजींना ओसरीच्या पायरीवर बसवलं. "हलायचं नाही म्हणजे श्वास घ्यायचा की नाही ते सांगा." चाळीस सेकंद त्या खरंच हलल्या नाहीत. मागच्या दारात मांजर होतं, ते चित्रात आलं नाही.

मुलानं उत्साहानं पहिल्या निगेटिव्हचा मोबाइलवर फोटो काढला, काळ्याचं पांढरं केलं, छापून पुठ्ठ्यावर चिकटवून आजींना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "वृंदावन भिंतीत शिरलंय. आणि दार माझ्या अंगावर येतंय." हे प्रत्येक नवख्याचं होतं. प्रत्येक भिंग आपलं चित्र उलटं पाडतं. पूर्ण प्रिंट सरळ करायला फिरवली की चित्रं सरळ होतात, पण डाव्या भिंगाचं चित्र उजवीकडे जातं. मधोमध कापून दोघांची जागा बदलावीच लागते, नाहीतर जवळचं लांब आणि लांबचं जवळ. मुलानं कात्री घेतली, अदलाबदल केली, परत दिलं. आजींनी स्टिरिओस्कोपची सरकपट्टी पुढे-मागे केली आणि मग काही बोलल्याच नाहीत, फक्त पट्टी धरलेला हात थांबला.

एकूण बावीस जोडचित्रं निघाली, त्यातली सतरा चांगली. दोनांत उजव्या खालच्या कोपऱ्यात उजेडाचा डाग आहे, भात्यातला एक तारा माझ्या नजरेतून सुटला होता.

यंदाच्या मेमध्ये त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटवर जाऊन नवी फळी मोजली. लांबी ऑगस्टमध्ये होती तीच, व्हर्नियरला फरक कळत नाही. उंची सहा दशांश मिलिमीटरनं कमी, ती खोबणीतल्या मोकळ्या जागेत मुरलेली. मुलगा विचारत होता, जुनी फळी आता टाकून देऊ का. नको म्हटलं. ती शटरच्या शेजारी, त्याच नऊवारीच्या तुकड्यात आहे, आणि तिच्या पाठीवर मी पेन्सिलीनं लिहिलं आहे: "रेषे उभे. बसवू नये."